बनाबाईंचं लिव्हर

बारशाच्या आदल्या दिवशी पारूबाई उत्रोलीहून आल्या, त्या बाळाचं तोंडही न बघता थेट भावजयीच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हातातली पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. भोरहून नसरापूरपर्यंत एसटी आणि तिथून गुंजवण्यापर्यंत वडापची जीप, एवढ्या वाटेत त्यांनी एकच प्रश्न मनाशी धरून ठेवला होता.

“बने, खरं सांग. कवापास्नं घेतीयास?”

बनाबाई खाटेवर पाय लांब करून, मांडीवर सूप घेऊन घुगऱ्यांचे हरभरे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

“काय घेतीया, वन्सं?”

“मला नको येडी बनवू. उत्रोलीत समद्यांना ठाव झालंय. तुझं लिव्हर गेलंय म्हणं.”

दारात बाळाला खांद्यावर थोपटत उभ्या असलेल्या सुनेला, स्नेहलला, आधी हसू आलं. मग तिनं आत्याबाईंचे डोळे पाहिले आणि ते हसू तिथंच गिळलं.

पारूबाईंच्या घरात लिव्हर हा शब्द एकाच अर्थानं आला होता. त्यांचे यजमान त्यानंच गेले, आणि त्याआधी कित्येक वर्षं संध्याकाळच्याला त्यांना गुत्त्यावरून घरी आणायचं काम पारूबाईंच्याच वाट्याला होतं. बनाबाईंनी गुंजवण्यातल्या बायका गोळा करून दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घडवून आणलं, आडवी बाटली जिंकली आणि दुकानाला कुलूप लागलं, ते त्याच्याच पुढच्या वर्षी. त्या दिवशी पारूबाई, मत नसतानाही, सकाळपासून रांगेतल्या बायकांना पाणी देत उभ्या होत्या. आणि आता त्याच भावजयीचं लिव्हर खराब झाल्याची बातमी त्यांना भाजी घेता घेता कळली होती.

बातमीचा उगम गावच्या शाळेत होता. परवा तिथं आरोग्य शिबिर झालं. बनाबाई गेल्या होत्या पायासाठी. भाद्रपदात बांधावरून घसरून त्यांचा घोटा मोडला होता आणि प्लास्टर नुकतंच निघालं होतं. सोनोग्राफीचं यंत्र आलंच आहे तर पोटही बघून घेऊ, असं तिथले डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बघितलं. मग बाहेर टेबलाशी बसलेल्या मदतनिसानं, रांग पुढं सरकावी म्हणून, घसा ताणून पुकारलं, “बनाबाई सावळाराम, लिव्हरवर चरबी, ग्रेड दोन.” रांगेत निम्मं गाव होतं. ग्रेड म्हणजे काय ते कुणाला कळलं नाही. लिव्हर मात्र सगळ्यांना कळलं.

“नुसती चरबी हाय म्हनले,” बनाबाई म्हणाल्या. “दारूचं कुनी काय बोललं न्हाई.”

“मंग चरबी कशानं आली?”

“आता मला काय ठाव. वजन कमी करा म्हनला डाक्टर. ते तर समदीच सांगत्यात.”

पारूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला. दारू कुठं कुठं लपवतात हे शिकण्यात त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षं गेली होती. त्यांनी पिठाच्या डब्यात हात घातला, गोधड्यांच्या घड्या उलगडल्या, देव्हाऱ्याच्या मागं वाकून पाहिलं. बनाबाई हरभरे निवडत राहिल्या. नणंदेला अडवलं असतं तर तिचा संशय पक्का झाला असता, हे त्यांना कळत होतं. पण चेहरा लाल झाला होता.

स्वयंपाकघरातल्या फळीवर, पापडाच्या डब्यामागं, पारूबाईंना एक तपकिरी बाटली सापडली. निम्मी रिकामी. त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि तशाच भिंतीला टेकून खाली बसल्या.

“त्योच वास,” त्या हळूच म्हणाल्या.

“आत्या, तो माझा बाळंतकाढा आहे,” स्नेहल म्हणाली.

“वास येतोय की.”

“येतोच. त्यात थोडं असतंय तसलं. औषध आहे ते, जेवल्यावर दोन चमचे घ्यायचं.”

पारूबाईंनी तळहातावर थोडा काढा ओतून चाटला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

“लई कडू हाय.”

“घ्या की अजून, वन्सं,” खाटेवरून बनाबाईंचा आवाज आला. “अंगदुखीला बरा असतोय. म्याबी घेतला हुता परवा, गुडघ्यासाठी.”

“घेतलास?”

“दोन चमचे.”

आता मात्र स्नेहलला राहवलं नाही. ती इतकी हसली की खांद्यावरचं बाळ दचकून रडायला लागलं. पारूबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावून ती होती तिथं ठेवली, हात धुतले, आणि मग बाळाला जवळ घेतलं.

---

अंगणात सावळारामांनी हे सगळं ऐकलं होतं. ते मांडवाच्या सुतळ्या सोडवत बसले होते. सावळाराम म्हणजे नुसती हाडं. सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसायचा. खाल्लेलं जातं कुठं, असं लोक त्यांना विचारायचे, आणि बनाबाईंकडं बघून त्याचं उत्तरही स्वतःच द्यायचे.

पाय प्लास्टरमध्ये असताना बायकोला काय करून घालू आणि काय नको, असं त्यांना झालं होतं. सून बाळंतीण, बायको खाटेवर. तेव्हा सावळाराम स्वतः चुलीपुढं बसले. त्यांना शिरा चांगला जमायचा. इंद्रायणीचा मऊ भात आणि त्यावर तूप. नसरापूरला गेले की जिलेबी. बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी गोडच घेऊन यायचा, आणि आलेल्याला एकट्याला चहा कसा द्यायचा म्हणून बनाबाईही प्रत्येकाबरोबर कपभर घ्यायच्या. उठायचं नव्हतंच. डॉक्टरांनी बोटं हलवा, पाय उचला, असं काहीतरी सांगितलं होतं, पण पायाला त्रास नको म्हणून सावळारामांनीच तिला हलू दिलं नव्हतं.

मांडवाची दुसरी बाजू त्यांचा धाकटा भाऊ सोनबा धरून उभा होता. जुनं घर धरणात गेल्यावर दोघा भावांनी लागून लागून घरं बांधली होती. पण दारूचं दुकान सोनबाच्या गाळ्यात होतं. दुकान बंद झालं तसं सोनबाचं या घरातलं येणं-जाणंही बंद झालं. आत्ताही तो आला होता तो स्नेहल स्वतः बाळ घेऊन त्याच्या दारात आमंत्रणाला गेली म्हणून. मांडवाला हात लावीन, पंगतीचं उद्या बघू, असं तो म्हणाला होता.

“दादा,” सोनबा मुद्दाम आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, “वैनीला इचार, दुकान पुन्यांदा चालू करायचं का. घरचंच गिऱ्हाईक झालं म्हणं.”

सावळारामांनी सुतळीत मान घातली.

“भावजी,” आतून बनाबाई म्हणाल्या, “दुकान चालू करा. पयली बाटली तुमच्याच डोस्क्यात फोडायला येते का न्हाई बगा.”

सोनबानं मांडवाची मेढ सोडलीच जवळजवळ. त्याच्या वहिनीनं त्याच्याशी शेवटचं वाक्य बोलून चार वर्षं झाली होती.

“बोलल्या, दादा,” तो खुळ्यासारखा हसत म्हणाला. “बोलल्या की रं.”

तेवढ्यात फाटकातून ठकुबाई आत आल्या. मतदानात बनाबाईंच्या मागं उभ्या राहिलेल्या बायकांमधली ही पहिली. नवऱ्याशी भांडून आली होती त्या वेळी. आज तिच्या चेहऱ्यावर बारशाची गडबड नव्हती.

“सावळारामदाजी, आमी काय ऐकतोय ते खरं हाय का? आमच्या मानसांच्या बाटल्या रस्त्यावर ओतायला लावल्या, आन् आता तुमच्या घरात हे. उद्या बारशाला बायका यायच्या का न्हाई, इचारतायत समद्या.”

सावळारामांनी पुन्हा सुतळी हातात घेतली. सोनबानं मेढीला शेवटचा ठोका घातला आणि पुढं झाला.

“ठकुवैनी, गुंजवण्यात कोन कवा आन् किती घेत हुतं, ह्ये माझ्याबिगर कुनाला ठाव हाय का? गाळा माझा हुता. मागल्या दारानं कोन यायचं, कुनाच्या घरी पिशवीत जायची, सगळं बगितलंय म्या. नावं सांगू का?”

“नको,” ठकुबाई पटकन म्हणाल्या.

“मंग ऐका. माझ्या वैनीनं बाटलीला हात लावला तो फकस्त फोडायला. माझाच धंदा बसवला तिनं. तवा मी खोटं कशाला बोलू? लिव्हरला काय झालंय ते डाक्टर सांगंल. पन दारूनं न्हाई झालेलं. आन् उद्या घुगऱ्या न्यायला या. समद्यांना घिऊन या.”

ठकुबाई गेल्यावर सोनबानं विडीसाठी खिसा चाचपला. आत पाळण्याजवळ बसलेल्या पारूबाईंनी शेजारच्या खाटेकडं बघायचं टाळलं. बनाबाई भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या होत्या. पाठमोऱ्या त्या रडतायत का हसतायत, ते पारूबाईंना कळेना.

---

बारशाच्या दिवशी सकाळी घुगऱ्या शिजत होत्या, स्नेहलचा नवरा अजित टेम्पोतून खुर्च्या उतरवत होता, आणि पारूबाई वाटीत तेल कोमट करून भावजयीच्या पायाशी बसल्या होत्या. काल घर धुंडाळल्याची लाज त्यांना शब्दांत सांगता येत नव्हती. पाय चोळून देणं त्यांना जमण्यासारखं होतं.

“रातभर ठणकत हुता म्हनतीस ना. आन हिकडं. चांगला रगडून देते. शीर धरली असंल.”

स्नेहल बाळाचं झबलं घेऊन आत आली ती तिथंच थांबली. बनाबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं होतं. उजवा पाय नेहमीचा. मोडलेला डावा पाय मात्र पोटरीपासून वर सुजला होता. त्यावरची कातडी ताणून चकाकत होती.

“आत्या, थांबा. हात लावू नका.”

“अगं, सूज हाय. तेलानं उतरंल.”

स्नेहलनं वाकून पोटरीला नुसता हात टेकवला. गरम लागली. तिला बाळंतपण आठवलं. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी नर्स तिला उठवून चालवायला लागली, तेव्हा ती वैतागली होती. नर्स म्हणाली होती, पडून राहिलीस तर पायात रक्ताची गाठ होईल, आणि एकच पाय सुजला, दुखायला लागला तर घरी गेल्यावरसुद्धा लगेच फोन कर. स्नेहलनं तेव्हा रोज स्वतःचे पाय तपासले होते. सासूचे पाय तपासायचं काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

मोबाईल घेऊन ती घरामागच्या चढावर गेली, तिथंच रेंज यायची. तिचं बाळंतपण केलेल्या नसरापूरच्या डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. स्नेहल बोलत गेली तशा त्या मधे मधे प्रश्न विचारत गेल्या. किती दिवस प्लास्टर होतं. वजन किती. दम लागतो का, छातीत दुखतं का. मग म्हणाल्या, “चोळू नका, शेकू नका. आत्ता घेऊन या. बारसं नंतर करा.”

स्नेहल धावतच खाली आली आणि तिनं सगळ्यांसमोर सांगितलं.

“खुळी का काय?” बनाबाई म्हणाल्या. “पाव्हनं यायला लागल्यात. नाव ठेवलं की जाऊ दुपारच्याला.”

“दुपारी नाही. आत्ता.”

“तुला सांगितलं ना म्या.”

या घरात बनाबाईंनी एकदा सांगितलं की विषय संपायचा. अजितनं आईकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि खुर्ची हातात धरून तसाच उभा राहिला. सावळाराम दारात आले होते. मग स्नेहलनं कुणाचीच वाट बघितली नाही. बाळाला पारूबाईंच्या हातात देऊन ती अंगण ओलांडून गेली आणि सोनबाच्या दारात उभी राहिली.

“काका, जीप काढा. आईंच्या पायात रक्ताची गाठ झाली असेल. सुटून छातीत गेली तर श्वास बंद होतो. त्या माझं ऐकत नाहीत.”

सोनबानं किल्ली उचलली.

जीप फाटकाशी लावून तो आत आला आणि वहिनीच्या समोर उभा राहिला. “वैनी, चार वर्सं माझ्या जीपमधी बसला न्हाईत. आज बसा. भांडान उद्यापास्नं पुढं चालू करू.”

बनाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग सुनेकडं पाहिलं. स्नेहल बाजूला सरकली नव्हती.

“चालत नेऊ नका त्यांना,” स्नेहल म्हणाली. “उचलून न्या.”

“मला? उचलून?” बनाबाई म्हणाल्या. “कोन उचलनार? हितं पैलवान बोलावलाय का?”

अखेर अजित, सोनबा आणि मांडवातले आणखी दोघे असे मिळून खुर्चीसकट बनाबाईंना घेऊन निघाले. अंगणात जमलेल्या बायका बाजूला झाल्या. खुर्ची कलंडली की बनाबाई अजितचा कान धरायच्या आणि अजित ओरडायचा. सावळाराम उशी घेऊन मागून धावत होते.

पारूबाई बाळाला स्नेहलकडं देऊन जीपकडं निघाल्या.

“वन्सं, तुमी कुठं? नाव तुमाला ठेवायचंय,” बनाबाई आतून म्हणाल्या. अजितला बहीण नव्हती, म्हणून हा मान त्याच्या आत्याचा होता.

“मान ऱ्हाऊ दे. मी येनार.” पारूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. सोनबाची बायको माया फाटकाच्या बाहेरच थांबली होती. चार वर्षांत तिनं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. पारूबाईंनी तिला हाताला धरून जवळ ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. “ध्यानात ऱ्हाईल का? आत्याच्या जागी तू ठेव. पाळणाबी म्हन. आवाज तुझा बरा हाय.”

माया गोंधळून स्नेहलकडं बघायला लागली. स्नेहलनं फाटक उघडून धरलं.

“या, काकी.”

---

नसरापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पायावर गार जेल लावून यंत्र फिरवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. गाठ होती. पोटरीतून गुडघ्याच्या वर सरकायला लागलेली.

बाहेर बाकावर तिघं भावंडं ओळीनं बसली होती. सावळारामांच्या मांडीवर उशी होती. धरणाचं पाणी पहिल्यांदा जुन्या घराच्या उंबऱ्याला लागलं, त्या दिवशी ती तिघं अशीच बसली होती, पारूबाईंना आठवलं. त्यांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आक्का,” सावळाराम म्हणाले, “म्याच तिला हलू दिली न्हाई. पाय दुखंल म्हनून.”

“गप. तिला कोन हलवनार हुतं. ती हललीय का कवा कुनाच्या म्हनन्यानं?”

आत बोलावणं आलं. बनाबाईंच्या पोटात इंजेक्शन दिलं होतं आणि पाय उशांवर उंच ठेवला होता. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसून शांतपणे सांगायला लागल्या. गाठ वाढू नये म्हणून काही दिवस इंजेक्शनं, मग काही महिने गोळ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, चुकवायच्या नाहीत आणि मनानं बंदही करायच्या नाहीत. वेळेत आलात. चोळलं असतं तर गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात जायची भीती होती.

पारूबाईंनी आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. तेलाचा वास अजून होता त्यांना.

“शिबिरात लिव्हरवर चरबी सांगितली ना?” डॉक्टरीणबाई पुढं म्हणाल्या. “त्याचाही विचार करायला पाहिजे. एक विचारते. दारू घेता का?”

कुणी काही बोलायच्या आत पारूबाई उठून उभ्या राहिल्या.

“न्हाई.”

“तुम्ही नव्हे, पेशंटला विचारतेय.”

“ती न्हाई घेत. म्या सोता घर धुंडाळलंय. पिठाच्या डब्यापास्नं देव्हाऱ्यापातूर. बाळंतकाढा सापडला, त्योबी चाखून बगितला.”

डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबून धरले. बनाबाईंनी झोपल्या जागी हसायला सुरुवात केली आणि त्यांचं पोट इतकं हलायला लागलं की नर्सनं येऊन इंजेक्शनच्या जागी कापूस धरला.

“मंग कशानं आली चरबी?” हसू आवरल्यावर पारूबाईंनी विचारलं. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. “आमच्यात लिव्हर म्हंजी दारूच. माझं मालक त्यानंच गेलं.”

“दारूनं होतं, पण दारूशिवायही होतं. वजन वाढलं, पोटावर चरबी चढली, गोड जास्त, भात जास्त, हालचाल कमी. अंगाला लागत नाही ते लिव्हरमध्ये जाऊन बसतं. हल्ली दारूला कधी शिवले नाहीत अशा कितीतरी जणांना निघतं. आणि वजन जास्त असलं की रक्त गोठायची शक्यताही वाढते. त्यात यांचा पाय इतके दिवस बांधलेला.” त्या बनाबाईंकडं वळल्या. “पण लिव्हर माफ करतं. वजन उतरवलं, चालायला लागलात, तर पुष्कळ भरून येतं. तुम्हाला अजून उशीर झालेला नाही.”

पारूबाई भावजयीच्या उशाशी बसल्या.

“तेंना कुनी असं सांगितलं असतं येळंवर,” त्या म्हणाल्या.

“सांगितलं हुतं, वन्सं. डाक्टरनं सांगितलं, म्या सांगितलं. तुमी तर रोजच सांगत हुता.”

“व्हय,” पारूबाई म्हणाल्या. “सांगत हुते.” आणि मग, नाक पुसून, “काल मी तुझ्या घरात लई उचकापाचक केली.”

“बरं झालं. गोधड्यांत हरवलेली माझी चष्म्याची डबी घावली.”

सोनबाचा मोबाईल वाजला. पलीकडून आधी नुसताच गलका ऐकू आला. मग स्नेहलचा आवाज. गाठ आहे, औषध सुरू झालं, धोका टळतोय, एवढं सोनबानं सांगितलं आणि फोन वहिनीच्या कानाला लावला.

“आई, माया काकींनी नाव ठेवलं. शेफाली. पाळणाही म्हटला. ठकुबाई सगळ्या बायकांना घेऊन आल्यात, घुगऱ्या पुरेनात.”

“अजून टाका शिजत,” बनाबाई म्हणाल्या. “आन् सूनबाई.”

“काय आई?”

“तू जेवलीस का?”

फोनच्या पलीकडं स्नेहल एकदम रडायला लागली. बनाबाईंनी तिला रडू दिलं. फोन कानाशी धरून त्या नुसत्या हं, हं म्हणत राहिल्या.

---

माघात पायाची सूज पूर्ण उतरली होती. गोळ्या अजून चालू होत्या. बनाबाईंनी आयुष्यात ठरवलेली गोष्ट अर्धवट सोडली नव्हती, आणि आता त्यांनी चालायचं ठरवलं होतं. आधी अंगणात, मग फाटकापर्यंत, मग सोनबाच्या शेताच्या बांधापर्यंत, आणि शेवटी धरणाच्या चढावर. चहातली साखर गेली. भाताच्या जागी भाकरी आली, भात मुठीएवढा. पहिला महिनाभर त्या सगळ्यांवर खेकसत होत्या, आणि सोनबा अंगणात जेवायला बसला की त्याच्या ताटातल्या भाताकडं बघून उसासे टाकायच्या. पण लुगड्याच्या निऱ्या आता जास्त पडायला लागल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं तेव्हा लिव्हरवरची चरबीही कमी दिसली.

“आता आलोच हाय तर ह्यांचंबी बगा,” टेबलावरून उतरता उतरता बनाबाई म्हणाल्या.

“माझं कशाला?” सावळाराम म्हणाले. “मला काय झालंय?”

“पोट जळतंय म्हनून रोज रातच्याला सोडा पिता ते. झोपा तितं.”

सावळाराम सदरा वर करून झोपले. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. डॉक्टरीणबाईंनी यंत्र फिरवलं, जरा थांबल्या, पुन्हा फिरवलं.

“बाबा, तुमच्या लिव्हरवरही चरबी आहे.”

सावळाराम कोपरावर उठून बसले. “माझ्या? बाई, माझ्या हाडावर मांस न्हाई. चरबी आली कुठनं?”

“बारीक माणसालाही होते. बाहेर दिसत नाही, आत साठते. फार नाही, पण आहे. गोड किती खाता?”

सावळारामांनी बायकोकडं पाहिलं. शिरा दोघांचा व्हायचा आणि बायकोनं गोड सोडल्यापासून तो एकट्याचा व्हायला लागला होता. टाकायचा कसा, म्हणून. बनाबाईंना हे ठाऊक होतं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये, सोनबा गाडी चालवत असताना, त्यांना मधे मधे हसू फुटत राहिलं आणि सावळाराम खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा त्या काठी घेऊन दारात उभ्या होत्या.

“उठा. चपला घाला.”

“उद्यापास्नं येतो.”

“आज.”

रस्ता धरणाच्या भिंतीकडं हळूहळू चढत जातो. कापलेल्या भातखाचरांवर दव होतं आणि राजगडावर उन्हाची पहिली तिरीप पडत होती. बनाबाई पुढं निघाल्या, जड पावलं टाकत पण न थांबता. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या श्वासाला या चढाची सवय झाली होती. सावळारामांना नव्हती. पहिल्या वळणापर्यंत ते बरोबर होते. मग थोडे मागं पडले, मग आणखी थोडे. लग्न झाल्यापासून वाटेवर तेच पुढं असायचे आणि ही मागून, धापा टाकत, अवं थांबा की म्हणत यायची. आज तिची पाठ पुढं लांब जात होती. त्यांनी कमरेवर हात ठेवला, तोंड उघडून श्वास घेतला आणि तिला हाक मारायला त्यांना लाज वाटली.

वळणावर बनाबाईंनी मागं वळून पाहिलं. काठी रोवली आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकल्या.

“या सावकाश,” त्या म्हणाल्या. “म्या थांबलीया.”